भामरे सरांची मिशी आणि ईश्वरीची शाळा

मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले आणि जोरात टाळी वाजवली. प्रिन्सिपल मॅडम दचकल्या. टाळी मात्र थांबायला तयार नव्हती. ती समोरच्या मोठ्या काचेवर आपटली, छताला गेली, चकचकीत फरशीवर उतरली आणि शेवटी मागच्या कोपऱ्यात कुठेतरी विरली.

"एनी प्रॉब्लेम, मॅम?" प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं.

"नाही नाही, सुंदर वर्ग आहे," मी म्हणाले आणि आणखी एक टाळी वाजवली.

माझ्याबरोबर आलेल्या संदीपभाऊंनी कपाळाला हात लावला. पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सायखेड्याहून गंगापूर रोडवरच्या या भारी शाळेत ते आले होते, आणि ज्या बाईला त्यांनी 'एक्स्पर्ट' म्हणून सोबत आणलं होतं, ती भजनाला बसल्यासारखी टाळ्या वाजवत होती. त्यांची बायको कविता हसू दाबत होती. आणि ज्या ईश्वरीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती बेंचखाली वाकून कोणाचं तरी राहिलेलं खोडरबर बघत होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक विचारतात, म्हणजे कानाची डॉक्टर का? तर नाही. डॉक्टर कान बरा करतात. जो कान बरा होणार नाही, त्याच्यात जेवढं ऐकणं उरलं आहे तेवढं कामाला लावणं, हे माझं काम. कानाची मशीन बसवायची, तिचा आवाज जुळवायचा आणि मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवायचं. नाशिकला माझं छोटं क्लिनिक आहे. मुलं मला 'टाळीवाल्या मॅडम' म्हणतात, आणि त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

ईश्वरीला जन्मापासून दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. दोन वर्षांची असताना तिला मशीन बसवली. तेव्हापासून कविता दर आठवड्याला तिला घेऊन एसटीने माझ्याकडे यायची. ईश्वरीचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता, 'बस' होता. संदीपभाऊंना त्याचं थोडं वाईट वाटलं, पण इतक्या वेळा बसमध्ये बसलेल्या पोरीने दुसरं म्हणायचं तरी काय? आता ती सहा वर्षांची झाली होती. घडाघडा बोलायची, भांडायची, मला उलट उत्तरं द्यायची. मला तिचा अभिमान होता, आणि म्हणूनच धाकधूकही होती. चार वर्षं रक्त आटवून उभं केलेलं बोलणं एका चुकीच्या वर्गात वर्षभरात गप्प होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून माझ्या मुलांची शाळा ठरवताना मी स्वतः जाते. कोणी बोलावलं नाही तरी जाते.

आता टाळीचं सांगते. कानाची मशीन चष्म्यासारखी नसते. चष्मा लावला की दिसतं, प्रश्न मिटला. मशीन मात्र सगळंच मोठं करते. बाईंचा आवाज मोठा, तसा पंखाही मोठा, सरकलेला बेंचही मोठा आणि भिंतीवरून परत येणारा घुमाराही मोठा. टाळी वाजवली आणि ती तिथल्या तिथे विझली, तर वर्ग चांगला. टाळी फिरत बसली, तर बाईंचा शब्दही तसाच फिरत बसणार आणि पुढचा शब्द त्याच्या डोक्यावर येऊन पडणार. तुम्हा-आम्हाला ते जाणवत नाही. मशीन लावलेल्या मुलाला मात्र सगळी खिचडी ऐकू येते.

टाळीनंतर दुसरी परीक्षा. माझ्या पर्समध्ये एका साडीच्या दुकानाने फुकट दिलेला पुठ्ठ्याचा हातपंखा असतो. तो मी तोंडासमोर धरते, म्हणजे मुलाला माझे ओठ दिसत नाहीत, आणि सहा आवाज काढते. आ, ऊ, ई, म, श, स. जाड्याभरड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्यातलं जवळपास सगळं या सहांत येतं. मुलाने ऐकून तसंच म्हणायचं.

ईश्वरीला मी शेवटच्या बेंचवर बसवलं आणि फळ्याजवळ जाऊन पंखा धरला. एसी चालू होता. 'आ' झाला, 'ऊ' झाला, 'ई' आणि 'म' झाले. मी 'श' म्हणाले. ती पंख्याकडे बघत राहिली. मी 'स' म्हणाले. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

मी पंखा खाली घेतला. ऐकू न आलेली मुलं ते हसू फार लवकर शिकतात. समोरच्याला बरं वाटतं आणि पुन्हा कोणी काही विचारत नाही. माझ्या क्लिनिकमध्ये ईश्वरी असं कधीच हसत नव्हती. ऐकू आलं नाही तर "काय?" म्हणून ओरडायची.

प्रिन्सिपल मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. मी विचारलं, "एसी बंद ठेवता येईल?"

"बाकीचे पेरेंट्स माझ्या केबिनमध्ये येऊन बसतील."

"खाली कार्पेट?"

"डस्ट अ‍ॅलर्जी. मॅनेजमेंट परवानगी देणार नाही. पण आम्ही तिला फर्स्ट बेंचवर बसवू, मॅम. नक्की."

"आणि शिकवताना बाई मुलांकडे तोंड करतात की स्मार्ट बोर्डकडे?"

"ऑनेस्टली? बोर्डकडे," त्या म्हणाल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या. "तुमची सीट मी सोमवारपर्यंत होल्ड करते. विचार करून कळवा."

पार्किंगमध्ये संदीपभाऊ तरातरा गाडीकडे गेले. गाडीचं दार उघडलं आणि त्यांचा बांध फुटला.

"मॅडम, एवढी भारी शाळा. पोहायचा टँक हाय. घोडे हायेत, घोडे! आणि तुम्ही दोन टाळ्या वाजवल्या आन् नापास करून टाकली."

"शाळा नाही नापास केली. ती खोली नापास केली."

"मग खोलीपायी शाळा सोडायची?"

"शिकायचं खोलीतच आहे ना, भाऊ? घोड्यावर बसून पाढे म्हणणार आहे का ती?"

कविता खुदकन हसली. संदीपभाऊ हसले नाहीत. ते गाडीला टेकून उभे राहिले आणि खालच्या आवाजात बोलू लागले. "मॅडम, इंग्लिशचं मला एवढं काय नाय. माझ्या आईचे एक चुलतभाऊ होते. त्यांना ऐकू यायचं नाय. सगळं गाव त्यांना बहिऱ्या म्हणायचं. आम्ही पोरं पण. ते वारले तरी त्यांचं खरं नाव काय होतं, ते मला ठाऊक नाय. इथं शहरात कोणी कोणाच्या कानाकडं बघत नाय. गावात माझ्या पोरीला बहिरी म्हणतील. म्हणून इकडं आणायची."

इतकी वर्षं हा माणूस द्राक्षाच्या पेट्या घेऊन माझ्याकडे येत होता, आणि त्याच्या मनात हे होतं, मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "भाऊ, ऐकू आलं तर ती उत्तर देईल. ऐकूच आलं नाही तर शहरातही गप्प बसेल."

त्या आठवड्यात आम्ही आणखी दोन शाळा पाहिल्या. एकीच्या शेजारी लग्नाचं लॉन होतं. लग्नसराईत दिवसभर डीजे, आणि तिथले शिपाईमामा अभिमानाने सांगत होते की मुलांना सगळी गाणी पाठ आहेत. दुसरीची खोली झकास होती, पण जाण्या-येण्यात पोरीचा अर्धा दिवस गेला असता. गाडीत बसून बसून ईश्वरीने आता शाळा या प्रकाराचाच राग धरला होता.

शेवटी कविता बोलली. ती फार कमी बोलते, पण बोलली की नवऱ्याची चुळबूळ सुरू होते. "मॅडम, आपल्या मळ्याजवळची शाळा बघा ना एकदा. टाळी वाजवायला काय लागतंय?"

"झेडपीची?" संदीपभाऊ म्हणाले.

"तुम्ही कुठं शिकले?"

शनिवार ठरला.

शनिवारी सकाळी मी सायखेड्याच्या पुढे, मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्याने त्या शाळेत पोहोचले. बागांमध्ये द्राक्षांची काढणी चालू होती, त्यामुळे संदीपभाऊ मजुरांना कामाला लावून धापा टाकत आले. जुनी कौलारू इमारत. शाळेजवळ ना हमरस्ता, ना गिरणी. पहिली-दुसरीचा वर्ग भरलेला होता. शिक्षक बाहेर पोषण आहाराचे तांदूळ उतरवून घेत होते. मी थेट आत गेले, मुलांना म्हणाले, "घाबरू नका हं," आणि टाळी वाजवली.

टप्प. आणि संपलं.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मग मुलांना वाटलं हा काहीतरी खेळ आहे, आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. एवढी पोरं एकदम टाळ्या वाजवत होती तरी घुमारा नाही! कौलातून माती पडते म्हणून गावकऱ्यांनी वरती गोणपाट ताणून बसवलं होतं. खाली बसायला जाड बसकरपट्ट्या, त्यामुळे बेंच सरकण्याचा प्रश्नच नाही. भिंतींवर तक्ते, कापडी फळांच्या माळा, दोरीवर वाळत घातलेली चित्रं. कोणीही ध्वनिशास्त्राचा विचार न करता एक उत्तम वर्ग तयार झाला होता. मला नाचावंसं वाटलं. थोडीशी नाचलेही असेन, कारण कविता मला आवरत होती.

ईश्वरीला शेवटच्या पट्टीवर बसवून मी पंखा धरला. आ, ऊ, ई, म. आले. श. "श!" स. "स!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची मुलगी सरकून बसली. सहाच्या सहा आवाज. मी संदीपभाऊंकडे पाहिलं. ते दारात उभे होते आणि उगाचच चपलेची माती झटकत होते.

तेवढ्यात भामरे सर आत आले आणि माझा आनंद जिथल्या तिथे थांबला.

सरांना मिशी होती. नुसती मिशी म्हणून भागणार नाही. दाट, झुपकेदार, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर उतरलेली आणि दोन्ही टोकांना वर वळवलेली. त्यांना वरचा ओठ आहे, हे फक्त अंदाजाने कळत होतं.

"नमस्कार मॅडम. मी भामरे," सर म्हणाले. आवाज खर्जातला, संथ. बोलण्याआधी ते माझ्याकडे नीट वळले. मुलांशी बोलतानाही फळ्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बोलले. मला असे शिक्षक शोधूनही मिळत नाहीत. पण ओठ कुठे होते?

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कमी ऐकू येणारं मूल नुसत्या कानाने ऐकत नाही. काही भाग ओठांवरून वाचतं. 'म' आणि 'न' मशीनमधून जवळजवळ सारखेच येतात, पण 'म' म्हणताना ओठ मिटतात. ते दिसलं की मुलाला कळतं. ओठ दिसले नाहीत तर ते अंदाज करत राहतं, आणि दुपारपर्यंत थकून जातं.

मी सरांना एक छोटी गोष्ट वाचायला सांगितली आणि ईश्वरीने ऐकून सांगायची असं ठरलं. सर खाली मांडी घालून बसले. ईश्वरी समोर. पहिली दोन वाक्यं बरी गेली. मग ती मान तिरकी करून खालून बघू लागली. मग थोडी पुढे सरकली. आणखी पुढे सरकली. आणि मग तिने सरळ हात पुढे केला, एका बोटाने सरांची मिशी उचलली आणि खाली वाकून बघितलं.

वर्ग खो खो हसू लागला. "ईशू!" संदीपभाऊ दारातून ओरडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या भागात माणसाच्या मिशीला हात लावणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

"राहू द्या, राहू द्या," सर मिशी उचललेल्या अवस्थेतच म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ती काय शोधते आहे, मॅडम?"

मी सांगितलं. ओठांचं, 'म' आणि 'न'चं, थकण्याचं, सगळं. शेवटी चाचरत म्हणाले, "थोडी... ओठापुरती छाटता आली तर..."

"ही छाटून राहत नाही हो. आठ दिवसांत पुन्हा खाली येते. काढायची तर पूर्ण." सरांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "पण मॅडम, माझे वडील आहेत."

संदीपभाऊंनी लगेच मान खाली घातली. मीही नाशिकचीच, मलाही कळलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी काढतो. बाप हयात असताना मिशी काढणं म्हणजे त्याचं वाईट चिंतल्यासारखं मानतात. जुनी माणसं तर फारच मानतात. आणि सरांचे वडील सटाण्याकडच्या खेड्यात राहणारे चांगलेच जुने होते.

"राहू द्या सर, आपण दुसरं काहीतरी बघू," मी म्हणाले.

"दुसरं काय?"

मी हातातला पंखा पर्समध्ये ठेवला.

"उद्या रविवार आहे. गावी जातो आणि नानांना विचारतो," सर म्हणाले. "फोनवर विचारण्यासारखं नाही. आणि नानांना फोनवर ऐकूही येत नाही. लहानपणापासून आम्ही त्यांच्यासमोर जाऊन, तोंडाकडे तोंड करूनच बोलतो. पाठ करून बोललं की चप्पल यायची."

म्हणजे तो संथ आवाज, ते वळून बोलणं सर कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. मला त्या चपलेचे आभार मानावेसे वाटले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती. मुलींनी ईश्वरीला गराडा घातला होता. एकीने विचारलं, "तुझ्या कानात काय हे?"

संदीपभाऊ जागीच थबकले. मीही थांबले.

"मशीन हे," ईश्वरी म्हणाली. "गुलाबी हे. दोन हेत."

"मला पण पाहिजे."

"तुला नाय मिळणार. तुझे कान साधे हेत."

ती मुलगी आपल्या साध्या कानांना हात लावून हिरमुसली. संदीपभाऊंनी गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

सोमवारी सकाळीच त्यांचा फोन. "मॅडम, त्या शाळेतून विचारताहेत, सीट ठेवायची का सोडायची. काय सांगू? सरांच्या मिशीवर अडलंय म्हणून सांगू?"

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले. आत्मविश्वासाने म्हणाले, पण माझंच कामात लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या डाव्या कानाची मशीन मी उजव्या कानात बसवत होते.

दुपारी भामरे सरांचा फोन आला. "मॅडम, नानांना सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, 'माले आयकू येत नही. मी सगळासना तोंडकडे देखस. त्या पोरनी कोनकडे देखानं?'"

लोकांच्या तोंडाकडे बघून ऐकणारा तो म्हातारा विचारत होता, मग त्या पोरीने कोणाकडे बघायचं?

"मी म्हटलं, नाना, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, 'मी जित्ता शे ना? मंग मीच सांगस. काढी टाक.' फक्त आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊ दे म्हणाले, आणि मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे तेही होऊ दे. लग्नात मिशी नसली तर वऱ्हाडी मंडळी जेवण सोडून मला भेटायला येतील."

फोन ठेवून मी रिकाम्या खोलीत एकटीने टाळी वाजवली. रिसेप्शनवरची वैशाली डोकावून गेली. मी म्हटलं, काही नाही, खोली तपासते आहे.

गंगापूर रोडच्या शाळेला संदीपभाऊंनी स्वतः फोन करून सीट सोडली. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना शुभेच्छा दिल्या आणि माझा नंबर मागून घेतला. परीक्षा संपेपर्यंत ईश्वरी रोज सकाळी थोडा वेळ भामरे सरांच्या वर्गात जाऊन बसायची, ओळख व्हावी म्हणून. सर तिला 'ईश्वरीबाई' म्हणायचे. "काय ईश्वरीबाई, आज उशीर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती घरी येऊन आईला तसंच म्हणून दाखवायची, हनुवटी आत ओढून, खर्जात.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. पहिलीच्या मुलांचं स्वागत म्हणजे तिथे मोठा सोहळा असतो. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, आतून शिऱ्याचा वास. नवी मुलं सजवलेल्या ट्रॅक्टरमधून येणार होती. आणि फाटकातच खुर्ची टाकून, पांढरी टोपी घालून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून मोठ्याने सांगत होते, "मी जित्ता शे हो! मी जित्ता शे!"

तेच नाना. झालं असं होतं की सर आदल्या दिवशी मिशी काढून सायखेड्याच्या बाजारात गेले, आणि भाजी घेता घेता चार लोकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "कधी झालं, सर?" म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पसरली. शेवटी सरांनी पहाटे गावी गाडी पाठवून पुरावाच आणून फाटकात बसवला. नाना भलतेच खुशीत होते. आपल्याला भेटायला एवढी माणसं येतील, असं त्यांना जिवंतपणी वाटलं नसावं.

ट्रॅक्टर आला. हलगी वाजत होती, ट्रॅक्टर धडधडत होता, पोरं किंचाळत होती. भामरे सर गुलाबाचं फूल घेऊन पुढे झाले. मी त्यांना ओळखलं ते चालण्यावरून. उघडा चेहरा, गोरापान वरचा ओठ, वयाने एकदम लहान दिसणारे सर. ओठ अगदी स्पष्ट दिसत होते. मला भरून आलं.

ईश्वरी खाली उतरली, त्यांच्याकडे बघितलं आणि आईच्या मागे जाऊन लपली.

"अगं, सर आहेत," कविता म्हणाली.

"हे सर नाय."

"तेच सर आहेत बाळा."

"नाय! माझे सर कुठंयत?" तिचे ओठ थरथरायला लागले. मग रडणं सुरू झालं. गुलाबाचं फूल हातात धरून सर तसेच उभे. मिशी गेली आणि पोरगीही गेली, असा त्यांचा चेहरा झाला होता. संदीपभाऊ तिला उचलायला पुढे झाले. मला कळत होतं, आज ही रडत घरी गेली तर उद्या येणार नाही, आणि परवा गंगापूर रोडचा विषय पुन्हा निघेल. ज्या तोंडासाठी एवढं केलं, ते तोंडच तिला परकं झालं होतं.

मी पर्समधून पंखा काढला आणि सरांच्या हातात दिला. "तोंड झाका आणि बोला."

सरांनी पंखा चेहऱ्यासमोर धरला. हलगी चालूच होती. त्याच आपल्या खर्जात, संथपणे ते म्हणाले, "काय ईश्वरीबाई, आज उशीर?"

रडणं थांबलं. तिने आईच्या पदराआडून डोकं बाहेर काढलं.

"ईश्वरीबाई?"

"सर!" ती ओरडली आणि धावत सुटली. जाऊन पंखा खाली ओढला. तो अनोळखी चेहरा दिसला तशी पुन्हा थबकली. मग तिने स्वतःच पंखा सरांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "परत बोला." सर बोलले. पंखा काढला. बोलले. पुन्हा धरला. असं किती वेळा चाललं कोण जाणे. शेवटी तिने एक बोट त्यांच्या उघड्या ओठावर ठेवलं.

"मिशी कुठं गेली?"

"सुट्टीवर," सर म्हणाले.

नानांनी फाटकातून विचारलं, "पोर काय म्हनस?" सर त्यांच्याकडे वळले आणि तोंडाकडे तोंड करून सगळं सांगितलं. नाना इतके हसले की खुर्ची हलली.

संदीपभाऊ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "मॅडम, तोंड झाकलेलं होतं ना?"

"हो."

"एवढा गोंधळ चालला होता, तरी तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं?"

"हो भाऊ. नुसत्या कानांनी."

आम्ही दोघं शिरा खायला गेलो.

ईश्वरी आता दुसरीत आहे. पाढे म्हणताना सगळ्यांच्या आधी ओरडते, आणि कोणी पाठ करून बोललं तर त्याला खांद्याला धरून वळवते. प्रिन्सिपल मॅडमनी नंतर मला बोलावून लहान मुलांच्या सगळ्या वर्गांत टाळ्या वाजवून घेतल्या आणि काचांना जाड पडदे लावले. राहिलं गावाचं. नाव ठेवल्याशिवाय गावाला चैन पडत नाही, ते संदीपभाऊंचं खरंच होतं. ईश्वरीलाही नाव पडलं. गाव तिला 'मिशीवाली' म्हणतं. बहिरी म्हणायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शाळा निवडताना काय बघायचं, याचे प्रश्न मी आता पालकांना तोंडपाठ सांगते. फरशी कसली आहे, पंखा किती वाजतो, शेजारी लॉन आहे का, शिक्षक कोणाकडे तोंड करून शिकवतात. त्यात शेवटी एक नवा प्रश्न घातला आहे. गुरुजींना मिशी असेल, तर त्यांचे वडील स्वभावाने कसे आहेत, ते आधी विचारून घ्या.